हिरवं बरं हाय

नागापूरच्या आमच्या कारखान्यात भट्टीचा प्रोग्राम तोच लिहितो. पाथर्डीकडचा माणूस, बोलण्याआधी चष्मा पुसतो. प्रोग्राम चालताना बिघाड, म्हणजे एक्सेप्शन, झाला की तो पकडून स्क्रीनवर लाल रंगात कळवायचा असतो. हा पकडतो, पण कळवत नाही. प्रोग्राममधली कळवायच्या ओळीची जागा रिकामीच ठेवतो.

“लाल दिसलं की मानसं घाबरत्यात, मॅडम. हिरवं बरं हाय.”

घरून फोन आला तरी तेच: “काय न्हाई, समदं बरं हाय.”

काल भट्टीच्या सेन्सरची वायर तुटून लोंबताना मला दिसली. स्क्रीनवर मात्र हिरवंच. भट्टीपाशी उभ्या असलेल्या सगळ्यांना मी ओरडून मागं बोलावलं. एकट्या त्याला बोलवावं लागलं नाही. तो दाराबाहेर उभा होता, चष्मा पुसत. भट्टी पेटली की तो रोज तिथंच असतो.