पाचशेव्या भागाचा नारळ

नट्यांच्या मुलाखती मी चवीने वाचते, पण त्यांच्या ब्लाउजचे हुक लावणाऱ्या बाईला कुणी कधी काही विचारत नाही, याचा मला राग येतो. आमच्या मालाडच्या चाळीतली मालन मरोळच्या एका स्टुडिओत मालिकेचे कपडे सांभाळते. मूळची मालवणची. जीभ तिखट, पण दुसऱ्याची गोष्ट पोटात ठेवणारी.

त्या मालिकेतली थोरली सून म्हणजे शर्मिष्ठा. तिला दिवस गेल्याचं नवऱ्याच्या पाठोपाठ मालनलाच कळलं, कारण हुक लागेनात.

"मालनताई, कुठे बोलू नकोस हां," शर्मिष्ठा रडकुंडीला आली. आधीच्या नायिकेची अशीच बातमी फुटली, तेव्हा तिला आठवड्यात काढलं होतं. नवा करार महिन्याभरात व्हायचा होता, तोवर हे झाकून न्यायचं होतं. मालन शिवणीतली माया उसवून ब्लाउज सैल करत राहिली आणि पदर असा काही पिन करी, की कॅमेऱ्यालाही पत्ता लागू नये.

मग पाचशेव्या भागाची पूजा आली. निर्माती गार्गी, दर महिला दिनाला स्त्रीशक्तीवर बोलून टाळ्या घेणारी, नारळ घेऊन पुढे आली.

"शर्मिष्ठा, आज मान तुझा."

शर्मिष्ठाने नारळ उचलला आणि मालनच्या तोंडून निघून गेलं, "अगो बाय, तू नको फोडू!"

सगळा सेट तिच्याकडे बघू लागला. पोटुशी बाई नारळ फोडत नाही हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि तिथले निम्मे लाइटवाले कोकणातलेच. मालनने जीभ चावली.

"का गं? तिने का नको?" गार्गीची नजर थेट शर्मिष्ठाच्या पदरावर गेली.

"तिला... पाळी आलीय, मॅडम." इतक्या पुरुषांपुढे मालन हे बोलली. लाइटवाल्यांनी माना खाली घातल्या. निभावलं, असं तिला वाटलं.

गार्गी मात्र हसली. "कुठल्या जमान्यात राहतेस, मालन? माझ्या सेटवर असलं काही चालत नाही. फोड गं तू, मी व्हिडिओ काढते. बघू दे सगळ्या बायकांना!"

तिने मोबाइल रोखला. आता एकदा नारळ आपटला की वेळ निभावणार होती. शर्मिष्ठाने हात वर नेला. तो वरच राहिला. मालनला तिच्याकडे बघवेना आणि नजरही हटवता येईना. शेवटी शर्मिष्ठाने नारळ हळूच ताटात ठेवला.

"पाचवा महिना आहे मला."

गार्गीने तिला घट्ट मिठी मारली, तीही व्हिडिओत आली. लोकांनी त्याखाली लाल बदामांचा पाऊस पाडला. पुढच्याच आठवड्यात मालिकेतली थोरली सून तीर्थयात्रेला गेली आणि तिची बस दरीत कोसळली. मेली बया! त्या गार्गीचं स्त्रीशक्तीवरचं भाषण आता लागलं की मी टीव्ही बंद करते.

मालन पवईला शर्मिष्ठाच्या घरी गेली. दारातच हात जोडून म्हणाली, "माझ्यामुळे तुझी वाट लागली गं."

शर्मिष्ठाने तिला आत घेतलं, पाणी दिलं. रागावली नाही.

"मी फोडला असता, ताई. माझा कुठे असल्यावर विश्वास आहे? पण तू ओरडलीस ना, आणि मग माझा हातच खाली येईना."