अमेरिकेचा फोन आणि हिची प्रार्थना

आमच्या घरात खोटं फक्त मी बोलतो. बाकीच्यांना जमत नाही.

मुलगा आशिष कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. म्हणजे दिवसभर कुणाच्या तरी टेबलाखाली, वायरींत गुंतलेला! पण त्या वर्षांत पुण्यात ‘सॉफ्टवेअर’ म्हटल्याशिवाय स्थळं चहालासुद्धा थांबत नसत. त्यात चर्चच्या ओळखीतून कोथरूडची स्नेहल सांगून आली, तीही आयटीतली! मी लगेच मुलाला बढती देऊन टाकली. (आम्ही ख्रिस्ती लोक पत्रिका बघत नाही, त्यामुळे सगळी मदार नोकरीवर.)

“अहो, लग्नासारखी गोष्ट, आणि खोट्यावर?” बायको म्हणाली. ही संडे स्कूलला शिकवते.

“तू पाहुण्यांशी त्याच्या कामाबद्दल एक शब्द बोलायचा नाहीस. वचन दे.”

“दिलं. पाहुण्यांशी नाही बोलणार.”

इतक्या चटकन मिळालं, तिथंच मला संशय यायला हवा होता.

शेजाऱ्यांचा मॉनिटर आणून हॉलमध्ये मांडला. वर क्रोशाचं कव्हर. खालच्या मजल्यावरच्या सायमनला बजावलं, “जेवायला बसताना मी खिडकी लावेन. लगेच कोपऱ्यावरच्या बूथवर जाऊन फोन कर. तू आशिषच्या कंपनीचा साहेब, अमेरिकेतून बोलतोयस.”

“तिकडे आत्ता दिवस की रात्र?”

“तुला काय करायचंय? नाकातून बोल!”

रविवारी उपासनेनंतर पाहुणे विश्रांतवाडीत हजर. स्नेहलनं कव्हर उचललं. “काका, याला वायरच नाही!”

“रविवारी त्यालाही विश्रांती!”

मटण वाढलं. मी खिडकी लावली. मुलीचे वडील हिला म्हणाले, “वहिनी, प्रार्थना तुम्हीच करा.” सगळ्यांनी डोळे मिटले.

“हे दयाळू पित्या, या अन्नाबद्दल तुझे आभार. आशिषच्या हातांना काम दिलंस, त्याबद्दलही आभार. टेबलाखाली वायरी जोडून त्याची पाठ दुखते, ती बरी कर...”

मी ताडकन डोळे उघडले. पण चालू प्रार्थनेत अडवायचं कसं? मी दणकून “आमेन!” म्हणालो.

“...माझ्या नवऱ्याला फार घाई असते, त्याला धीर दे. शेजाऱ्यांचा मॉनिटर सुखरूप परत जाऊ दे. आणि सायमनभावजी अमेरिकेतून फोन करायला कोपऱ्यावर गेलेत, त्यांचा गुडघा सांभाळ. आमेन.”

ट्रिंग ट्रिंग!

मुलीचे वडील शांतपणे म्हणाले, “घ्या. अमेरिकेचं बिल फार येतं.”

मी फोन उचलला. “हॅल्लोऽऽ...” पलीकडे सगळं नाक!

“सायमन, ये वर. जेवायला.”

मग हिच्याकडे वळलो. “वचन दिलं होतंस!”

“पाहुण्यांशी एक शब्द तरी बोलले का?”

आशिष आता जेवणाच्या टेबलाखाली जायच्या बेतात होता. सून हातची गेली म्हणून मी रश्शाकडे बघत बसलो. तेवढ्यात स्नेहलनं त्याला विचारलं, “पाठ फार दुखते?”

“वाकलं की.”

“मग जरा सांभाळून वाकत जा.” आणि वडिलांना म्हणाली, “पप्पा, मला पसंत आहे. या घरात निदान काही लपून तरी राहणार नाही!”

लग्न झालं. आता जेवणाआधीची प्रार्थना सून करते, आणि ती सासूपेक्षाही सविस्तर! त्यामुळे हल्ली मी पानावर बसण्याआधीच सगळं खरं सांगून टाकतो. मटण गरम मिळतं.