काकींना सांगितलेला फ्रेंच सिनेमा

खोटं बोलायलाही अंगात कला लागते. ती माझ्यात नाही. तरी २०१७ सालच्या थंडीतल्या एका रविवारी मी दुपारभर खोटं बोलले.

मी तलासरीच्या एका शाळेत शिकवायचे आणि डहाणूजवळच्या एका चिकूच्या वाडीत मागची खोली भाड्याने घेऊन राहायचे. वाडीच्या मालकीणबाई पंच्याहत्तरीच्या. सगळं गाव त्यांना काकी म्हणायचं, म्हणून मीही. पहिलं वर्ष आमचं भांडणात गेलं. माझी चपाती, माझे मोकळे केस, माझं न झालेलं लग्न, सगळ्यावर त्यांचं मत तयार असायचं. दुसऱ्या वर्षी मात्र त्यांच्या ओट्यावर बसल्याशिवाय मला चहा गोड लागेना.

त्या आठवड्यात काकींच्या हृदयाचं ऑपरेशन होतं, वलसाडला. सुरतेला राहणारा त्यांचा मुलगा फोनवर त्यांना सांगायचा, किरकोळ आहे, दाढ काढल्यासारखं. मला मात्र त्याने वेगळा फोन करून सांगितलं होतं, की डॉक्टरांनी बराच धोका सांगितलाय आणि आईला यातलं अक्षर कळू द्यायचं नाही. काकी दिवसातून चारदा विचारत, तुला काही बोलला का गं तो? मी दरवेळी भाजी करपतेय म्हणून पळायचे. एवढी भाजी मी आयुष्यात केली नव्हती.

रविवारी त्यांचं मन रमावं म्हणून मी लॅपटॉपवर एक फ्रेंच सिनेमा लावला. चार-पाच वर्षांपूर्वी पाहिलेला. खूप हसले होते, एवढंच आठवत होतं. पाण्याला घाबरणारा एक आडदांड ट्रक ड्रायव्हर आणि त्याला पोहायला शिकवणारी ऐंशी वर्षांची म्हातारी. खाली इंग्रजी अक्षरं. मी वाचायचे आणि मराठीत सांगायचे. काकी ओट्यावर गोणपाट पसरून चिकू निवडत होत्या. मोठा, मधला, बारीक. हे काम त्या न बघताच करायच्या.

पहिल्यांदा म्हातारीने ड्रायव्हरला पाण्यात ढकललं, तेव्हा काकी इतक्या हसल्या की मोठे चिकू बारकांच्या टोपलीत गेले. आमच्या हायवेवर अच्छाडच्या नाक्याला रोज शेकडो ट्रक थांबतात, तिथे असा घाबरट ड्रायव्हर एकही सापडायचा नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. फ्रान्समधली माणसं हातभर लांब पाव कोरडाच खातात, याचं त्यांना फार वाईट वाटलं. ड्रायव्हर शिव्या द्यायला लागला की मी "अरे देवा" असं भाषांतर करायचे. तिसऱ्या वेळेला काकी म्हणाल्या, एवढं लालबुंद होऊन कोण देवाचं नाव घेतो?

सिनेमा पाऊण संपला तेव्हा म्हातारी हॉस्पिटलात दाखल झाली आणि मला शेवट आठवला. ती मरते. ऑपरेशनमध्येच.

बंद करावा, तर काकी विचारणार का केलास. मग मी खालची अक्षरं सोडून दिली आणि मनाने सांगायला लागले. ऑपरेशन झकास झालं. रिकामा पलंग दिसला, तर म्हटलं, घरी सोडलं तिला. ड्रायव्हर एकटाच समुद्रावर गेला, तर म्हटलं, ती बहिणीकडे राहायला गेलीय. मग पंचवीस-तीस माणसं काळे कपडे घालून फुलं घेऊन उभी राहिली. मी म्हटलं, तिकडे थंडी फार, काळे कपडे गरम राहतात.

काकींनी हातातला चिकू खाली ठेवला.

"मेली ती," त्या म्हणाल्या. "एवढं फ्रेंच मला येतं."

मला रडू फुटलं. तेही मास्तरीणबाईला शोभणारं नाही, चांगलं हुंदके देऊन. मला या बाईवाचून तिथे करमणार नव्हतं आणि ते मला त्याच क्षणी कळलं. काकींनी समजूत वगैरे काढली नाही. लॅपटॉप मिटला आणि विचारलं, डॉक्टर काय बोलला? मी मुलाने सांगितलेलं सगळं सांगून टाकलं. त्यांनी गोणपाटावरचे उरलेले चिकू टोपलीत भरले. मग म्हणाल्या, भीती वाटतेच, पण कशाची ते आता ठाऊक झालं.

उठताना त्यांनी मला शाळेत रजा टाकायला सांगितली. वलसाडला मी त्यांच्याबरोबर जायचं आणि डॉक्टर जे काही इंग्रजीत बोलेल ते त्यांना मराठीत सांगायचं. मी म्हटलं, अहो, तुमचा मुलगा असेल ना तिथे, त्याला माझ्यापेक्षा चांगलं इंग्रजी येतं.

"त्याचं खोटं मला ओळखता येत नाही, बाय," काकी म्हणाल्या. "तुझं येतं."