मिशीतली पोरं

पत्रकाराला किस्से शोधायला जावं लागत नाही. नदीकाठी बसून आल्यावर खिशात वाळू सापडते तसे ते सापडतात. झटकले तरी शिवणीत थोडे उरतातच!

मोर्चे, निवडणुका, महापूर, सगळं पाहिलं. तिथले किस्से मी आज हसत सांगतो. पण ज्यांनी माझी बीपीची गोळी वाढवली, ते किस्से एका गोग्गोड सदरातले आहेत.

आयडिया संपादकांची. "पॉझिटिव्ह काहीतरी द्या हो! तुमची बातमी वाचली की लोकांना सकाळचा चहा कडू लागतो." मग ठरलं. दर रविवारी सातारा-सांगलीतला एक विद्यार्थी सांगणार, आपण कुणामुळं शिकलो. सदराचं नाव, 'मला घडवणारी माणसं'. पोरं सांगलीच्या विश्रामबागेतल्या ऑफिसात यायची, बोलायची, मी लिहायचो.

म्हटलं, आता उतारवयात जरा शांत काम मिळालं. कसलं शांत!

*

पहिलाच पोरगा वाईचा. बारावीला तालुक्यात पहिला आलेला. स्टँडपासून घाटापर्यंत तीन वेगवेगळ्या क्लासच्या फ्लेक्सवर हाच! एका ठिकाणी हार घातलेला, दुसऱ्या ठिकाणी पेढा खाताना, तिसऱ्या ठिकाणी सरांच्या पाया पडताना.

मी विचारलं, "बाळा, यातल्या कुठल्या क्लासला जायचास?"

"एकाही नाही. शाळेतल्या गणिताच्या सरांनी सुट्टीत बोलावून शिकवलं."

"मग सरांचा फोटो कुठाय?"

"सर म्हणाले, फ्लेक्सवर चढायला मी काय निवडणुकीला उभा आहे?"

मला राहवलं नाही. त्यातल्या एका क्लासवाल्याला फोन लावला. म्हटलं, हा मुलगा तर म्हणतो, मी यांच्या क्लासला कधी आलोच नाही!

तो शांतपणे म्हणाला, "आला होता की! फोटो काढायला आला होता!"

*

साताऱ्याच्या एका मुलीनं विज्ञानाच्या बाईंबद्दल सांगितलं. प्रयोग फसला की बाई टाळ्या वाजवायच्या आणि म्हणायच्या, "छान, आता का फसला ते शोधू." रविवारी छापून आलं. सोमवारी वडील मुलीला घेऊन ऑफिसात हजर!

"पाचवीपासून रोज गाडीवर क्लासला मी सोडतोय. ऊन नाही, पाऊस नाही. आणि नाव त्या बाईंचं?"

म्हटलं, "बसा, पाणी घ्या." ते बसेनात. "एक मिनिट वाया घालवलं नाही हो मी हिचं! गाडीवरसुद्धा पाढे विचारायचो, स्पेलिंग विचारायचो. चुकलं की सिग्नलला गाडी थांबवून पुन्हा!"

मी मुलीकडं पाहिलं. ती खाली मान घालून म्हणाली, "पप्पा, मला अजून कुणाच्याही गाडीवर मागं बसलं की पोटात दुखतं."

वडील मग बसले. पाणीही प्यायले.

*

तासगावकडचा एक मुलगा, आता इंजिनिअरिंगला आहे. त्यानं सांगितलं, नववीत हेडमास्तरांनी भर वर्गात उभं केलं आणि म्हणाले, "तुझ्या डोक्यात शेण भरलंय. शिक्षण तुझं काम नव्हे, गुरं राख जा." मी हेडमास्तरांचं नाव छापलं नाही, शाळेचंही नाही. उगाच म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास!

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. "तो हेडमास्तर मीच ना?"

म्हटलं, "सर, तुमची शाळा कुठली?" कऱ्हाडकडची निघाली. म्हटलं, "मग तुम्ही नव्हे."

फोन ठेवतोय तोवर दुसरा. हे मिरजेकडचे. "आमच्या घराण्याची बदनामी झाली!" त्यांना समजावतोय तोवर तिसरे! तिसऱ्यांना मी अगदी हात जोडून सांगितलं, "सर, शपथेवर सांगतो, तो मुलगा तुमच्या शाळेत कधीच नव्हता."

पलीकडं पेपर उलगडल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "असं? पण वाक्य तर माझंच आहे!"

यातल्या एकाला तर पुढं अभिमानच वाटायला लागला. "म्हणजे बघा, आमच्यासारख्यांनी टोचून बोलल्यामुळंच पोरं जिद्दीला पेटतात!" मी हे त्या मुलाला सांगितलं. तो पटकन म्हणाला, "सर, त्यास्नी सांगा, बोलल्यामुळं न्हाई शिकलो. बोलले तरी शिकलो."

*

शिरवळच्या पोराचा किस्सा छोटा आहे. आठवीत त्यांची शैक्षणिक सहल निघाली. एका कारखान्याला भेट. आत यंत्रमानव आहेत असं सांगून पोरांना आठवडाभर चेतवलेलं. गेटवर पोचल्यावर कळलं, आत फक्त शिक्षकांना परवानगी आहे. शिक्षक आत गेले, कँटीनमध्ये जेवले, ढेकर देत बाहेर आले. पोरं तोवर एसटीत बसून गेट बघत होती. वर निबंध लिहायला लावला, 'मी पाहिलेला कारखाना'!

"मग काय लिहिलंस?"

"गेटाचं वर्णन केलं, सर. लय भारी जमलं. वर्गात पहिला नंबर आला."

"आणि आता काय करतोस?"

"त्याच गेटवर हाय. सिक्युरिटीला."

*

आता काजलचं सांगतो. हिच्यासाठीच तुम्हाला इथवर बसवलंय.

काजल जत तालुक्यातली. घरची मेंढरं. दिवाळी झाली की अख्खं घर मेंढरांमागं पश्चिमेला निघायचं, ते पावसाच्या तोंडावर परत. म्हणजे शाळेचं अर्धं वर्ष गेलंच! एका मोठ्या संस्थेच्या शाखेत ती शिकायची. तिथल्या भोसले बाईंनी यावर इलाज काढला. वर्ग सुरू झाला की टेबलावर फोन ठेवायचा, स्पीकर चालू करायचा. तिकडं वडील रेंज मिळेल अशा टेकाडावर मेंढरं चारायचे आणि पोरगी तिथून शाळा शिकायची.

काजल सांगत होती, "मी वरडायची, 'हजर, बाई!' तवर माझ्यामागं मेंढरं वरडायची. सगळा वर्ग हसायचा. बाई म्हनायच्या, 'बरं, त्यांचीबी हजेरी लावली. आता कविता म्हण.'"

मग आला संस्थेच्या चेअरमनसाहेबांचा वाढदिवस. हार-तुरे, शिंगं-तुताऱ्या कमी पडल्या म्हणून कुणीतरी ड्रोनची आयडिया काढली. ग्राऊंडवर पोरांना उभं करून साहेबांचा चेहरा तयार करायचा आणि वरून फोटो! साहेबांची मिशी तशी प्रसिद्ध, झुपकेदार. ती मिशी म्हणजे भोसले बाईंचा सातवीचा वर्ग. सगळ्यांना काळे टी-शर्ट. जतचं ऊन! आणि साहेब यायला उशीर, कारण साहेब उशिराच येतात!

काजल परत आली होती तेव्हा गावात. तीही मिशीत. "माझ्या शेजारची पोरगी चक्कर येऊन पडली. पीटीचे सर म्हनले, 'हलू नका, मिशी वाकडी हुतीय!' बाई धावत आल्या. तिला उचललं आन् म्हनल्या, 'चला गं पोरींनो, सावलीत.' आमी सगळी लिंबाखाली गेलो. तवाच वर ड्रोन फिरला."

फोटोत साहेब सफाचट!

फ्लेक्सवर मिशी नंतर कॉम्प्युटरवर काढून चिकटवली. बाईंची बदली मात्र खरी झाली, दूर पार दुसऱ्या टोकाला. नव्या सरांनी काजलला सांगितलं, फोनवर शाळा भरत नसते. पण बाईंची शाळा बदलली होती, नंबर तोच होता. बाई रोज संध्याकाळी फोन करत राहिल्या. सातवी ते बारावी! पोरगी चांगल्या मार्कांनी पास झाली आणि सांगलीच्या कॉलेजात प्रवेश मिळवून माझ्यासमोर बसली होती.

उठताना म्हणाली, "सर, बाईंचं नाव मोठं छापा."

*

लेख तयार झाला. शनिवारी संस्थेच्या प्राचार्यांचा फोन. "लेख उत्तम आहे असं कानावर आलं. फक्त भोसले बाईंच्या जागी चेअरमनसाहेब करा. बाकी काही बदलू नका!"

म्हटलं, "साहेब टेकाडावर फोन करायचे?"

"तसं नाही हो, संस्थेच्या माध्यमातून!"

मी त्यांना माध्यम म्हणजे काय ते माझ्या भाषेत समजावलं. ती भाषा इथं लिहीत नाही. मग संपादकांनी बोलावलं. "एक नाव बदलायचंय फक्त. कशाला ताणता?" म्हटलं, "लेख काढून टाका. नाव बदलणार नाही." आम्ही दोघंही एवढ्या मोठ्यानं बोलत होतो की खालचा पानवाला वर बघायला आला.

रविवारी लेख आला नाही. त्या जागी चेअरमनसाहेबांच्या येत्या वाढदिवसाची जाहिरात होती. मिशीसकट!

सदर त्या दिवशी मी बंद केलं.

*

पण काजलला असं बंद करून चालणार नव्हतं. सांगलीत राहायचं कुठं? वसतिगृह त्याच संस्थेचं, विश्रामबागेत. खोली देणं साहेबांच्या हातात. यंदाच्या वाढदिवसाला तिचा सत्कार ठरला. शाल, श्रीफळ आणि त्याच ताटात खोलीची चावी! तिनं फक्त माईकवर एक वाक्य बोलायचं, "माझ्या यशाचं सगळं श्रेय चेअरमनसाहेबांना." प्राचार्यांनी तिच्याकडून ते पाठ करून घेतलं होतं. बारावी पास झालेल्या पोरीकडून!

कार्यक्रम संस्थेच्या सांगलीतल्या शाळेत. मी मागच्या खुर्चीवर जाऊन बसलो. निमंत्रण नव्हतंच. शेजारी तिचे वडील, पटका बांधून आलेले. ती स्टेजकडं जायच्या आधी ते तिला म्हणाले, "बोल बाय, दोन शब्दांनी काय झिजतंय? खोली मिळाली तर शिकशील. न्हाईतर दिवाळीनंतर हाईसच आमच्यासंगं मेंढरामागं."

"बगते, आबा," एवढंच म्हणाली.

स्टेजवर मांडव, पंखे, सरबत. समोर ग्राऊंडवर रणरणत्या उन्हात यंदाही साहेबांचा चेहरा उभा. केस, भुवया, गाल, कान. मिशीत यंदा पाचवीच्या पोरी, काळ्या टी-शर्टात. वर ड्रोन घोंगावायला लागला. ड्रोनवाला पोरगा स्टेजच्या कोपऱ्यात स्क्रीनमध्ये डोकं घालून बसलेला.

काजलचं नाव पुकारलं. ती माईकसमोर आली. बाजूला ताट धरलेलं. साहेबांनी चावी उचलून हातात घेतली आणि फोटोसाठी हसले.

"माझ्या यशाचं सगळं श्रेय..." ती म्हणाली आणि थांबली.

मिशीतली एक पोरगी खाली बसली होती. पीटीच्या सरांनी शिट्टी वाजवली. पोरगी उठेना.

प्राचार्य मागून कुजबुजले, "चेअरमनसाहेबांना, चेअरमनसाहेबांना!"

"...भोसले बाईंना हाय," काजल म्हणाली. "बाईंनी मला लय शिकवलं. त्यातलं एक वाक्य तेवढं म्हनते."

ती ग्राऊंडकडं वळली. सगळ्या कर्ण्यांतून एकदम आवाज गेला, "चला गं पोरींनो, सावलीत!"

क्षणभर कुणी हललं नाही. मग खाली बसलेली ती पोरगी उठली आणि झाडांकडं चालू लागली. तिच्यामागं मिशीचा डावा आकडा गेला, मग उजवा. मग भुवया. पीटीचे सर शिट्टी फुंकून लाल झाले, तोवर दोन्ही कान पळाले. गाल गेले, केस गेले, हनुवटी सगळ्यांत शेवटी गेली.

माझ्या शेजारी पटका बांधलेला माणूस उभा राहिला होता. स्टेजवर साहेबांच्या एका हातात चावी तशीच होती, दुसरा हात मिशीवर.

 ड्रोनवाल्याचं डोकं अजून स्क्रीनमध्येच. त्यानं तिथूनच हाक मारली,

"साहेब, खाली नुसतं ग्राऊंड दिसतंय. काढू का फोटो?"