नातीच्या लग्नासाठी राखून ठेवलेले दात

भंडाऱ्याच्या दातांच्या डॉक्टरने कवळी हातात देताना बजावलं होतं, "रोज लावा, रोज मोठ्याने वाचा. जिभेला नवी जागा शिकावी लागते." अड्याळच्या शाळेत मी तीस वर्षं पोरांकडून मोठ्याने वाचून घेतलं, आणि हा कालचा पोरगा मला वाचन शिकवणार! घरी येऊन मी कवळी डबीत घातली आणि डबी कपाटात ठेवली. नवी चादर आमच्याकडे पाहुणे आल्यावरच निघते. नवे दात नातीच्या लग्नात निघणार होते.

गावातल्या बौद्ध लग्नांत प्रतिज्ञा सांगण्याचा मान माझा. मी सांगायचं, नवरा-नवरीने मागून म्हणायचं. दोन वर्षांपूर्वी शेवटचा दात पडला आणि लोक एका तरुण मास्तरला बोलावू लागले. "तुमाले तरास कायले, गुरुजी," म्हणत. मला वाटलं, किती काळजी करतात! पण नातीच्या लग्नात मीच उभा राहणार, हे मी घरात ठणकावून सांगितलं होतं.

त्याच सुमारास बायकोला एक खोड लागली. मी पाहुण्यांशी काही बोललो की ती तेच पुन्हा सांगायची. "हे म्हनून रायले का, चहा घेऊनच जा." मी खेकसायचो, "मी काय मुका आहे?" कवळीवरूनही तिचं चालूच असे. "अजी, दात कपाटात अन् जीभ तोंडात. सवय कशी होईन?"

लग्नाच्या दिवशी मांडवात कवळी लावून उभा राहिलो. पहिल्याच वाक्यात 'स'ची शिट्टी वाजली. दुसऱ्या वाक्याला वरची कवळी सुटली. ती जिभेने दाबून धरली, तर बोलायला जीभच उरेना. वराकडची पोरं खुसखुसली. मला डॉक्टरचा भयंकर राग आला, कारण तो बरोबर निघाला होता.

नात हळूच म्हणाली, "आबाजी, काढा ना ते. मले समजते तुमचं."

कवळी काढून खिशात टाकली आणि बोळक्या तोंडाने सुरुवात केली. नात शब्द न् शब्द खणखणीत म्हणत होती. माझी छाती फुगली. मग नवरदेवाकडे लक्ष गेलं. तो माझ्याकडे बघतच नव्हता. नातीच्या ओठांकडे बघून, ती म्हणेल ते तिच्या मागून म्हणत होता.

तेव्हा कुठे या मास्तराच्या डोक्यात उजेड पडला. माझं बोलणं घराबाहेर कुणालाच कळत नव्हतं. दोन वर्षं बायको माझी अब्रू सांभाळत होती आणि मी तिच्यावरच खेकसत होतो. भर मांडवात मला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कवळी लावली आणि तिच्यापुढे पेपर मोठ्याने वाचायला बसलो. शिट्ट्या वाजल्या, थुंकी उडाली. तिने पदराने गाल पुसला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा खरं बोलली.

"नाही समजलं. पुन्हा वाचा."