देवाचं पान शेवटी

साडेअकरा वाजले होते आणि चूल थंड होती.

तिरुवैयारु रस्त्यावरच्या आमच्या क्लायंटच्या अन्नछत्रात बाहेर पंगत बसलेली. आत सरकारी ऑफिसर उभे. आणि स्वयंपाकीण आरोक्यम अक्का हाताची घडी घालून सांगत होती, "दिवा नाही तर चूल नाही."

दिवा कुठे आहे हे मला चांगलं ठाऊक होतं. तांदळाच्या कोठीत, गोणपाटाखाली. सकाळी मीच तो तिथे लपवला होता.

केस अशी. हे छत्र धार्मिक संस्था आहे की नुसता दानधर्म, हे देवळांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याला ठरवायचं होतं. म्हणून स्पॉट इन्स्पेक्शन, म्हणजे ऑफिसरने जागेवर येऊन डोळ्यांनी पाहायचं. छत्र धार्मिक ठरलं, तर खात्याच्या नियमाप्रमाणे तिथे नोकरीला फक्त हिंदू चालतो. आरोक्यम अक्का ख्रिस्ती. बावीस वर्षं तिने इथे रसम-भात रांधला होता. तिचं घर त्याच पगारावर चालायचं.

मी उसळून उठले होते. कुणाच्या हातचं खायचं हे सरकार धर्म विचारून ठरवणार? आमच्या घरी देवघर नव्हतं, देवधर्माविरुद्धच्या पत्रकांचे गठ्ठे होते. अप्पा ते बसस्टँडवर वाटायचे. धर्म म्हणजे भीती, हे मी अक्षरओळखीबरोबरच वाचलं होतं. तेव्हा माझा प्लॅन सोपा होता. धर्म म्हणजे काय याची कडक व्याख्या करायची आणि त्यातलं इथे काहीच नाही असं दाखवायचं. चुलीवरच्या कोनाड्यात मारुतीची तसबीर आणि एक समई होती. दोन्ही हलवली. ट्रस्टी वेंकटराव मामा पुटपुटले, "अक्काला विचारून कर की ग." मी विचारलं नाही. ती तेव्हा बाजारात होती.

ऑफिसरनी कोनाड्याकडे बोट केलं. सगळी भिंत काजळीने काळी, मधे तसबिरीएवढा पांढरा चौकोन.

"वकीलम्मा, इथे काय होतं?"

मी कायदा सुरू केला. श्रद्धा, ग्रंथ, विधी, पुरोहित. यांपैकी इथे काय आहे, सर? आवाज चढला होता माझा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि खिशातून काडेपेटी काढून अक्कापुढे धरली.

"ही घ्या. पेटवा चूल."

"नको, सर."

"का?"

"या चुलीला काडी लावत नाहीत. दिव्यावर झावळीची काडी धरायची, त्या विस्तवाने चूल पेटवायची. माझ्या आधीच्या बाईने मला असंच शिकवलं."

"तुम्ही चर्चला जाता ना?"

"दर रविवारी."

"मग हा दिवा तुमच्या धर्माचा कसा?"

"माझ्या धर्माचा आहे असं कुठे म्हटलं? या चुलीचा आहे."

बाहेरून एक म्हातारा ओरडला, "अम्मा, धर्माचं संध्याकाळी बघा! आधी रसम!"

पंगत हसली. मी नाही हसले. ऑफिसर लिहीत होते, आणि ते काय लिहीत असणार हे मला न वाचताच कळत होतं. दिव्याशिवाय चूल पेटत नाही, म्हणजे विधी. विधी म्हणजे धर्म. माझीच व्याख्या, माझ्याच क्लायंटच्या गळ्यात.

मी कोठीत गेले. समई आणि तसबीर दोन्ही हातांत घेऊन आले. "मी लपवलं होतं, सर. यांचा काही संबंध नाही."

अक्काने माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा शाळेत उभी. तिने पदराने तसबीर पुसली, दिवा लावला, चूल पेटली.

"नैवेद्य किती वाजता?" ऑफिसरनी विचारलं. हा नेहमीचा प्रश्न. देवळात आधी देवाला, मग माणसांना. म्हणजे अन्न देवाचं, माणसांना मिळतो तो प्रसाद.

"सगळे उठल्यावर," अक्का म्हणाली.

"सगळे म्हणजे?"

"पहिलं पान दाराजवळ बसेल त्याचं. नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही. सगळे जेवले, की उरलेलं देवाला."

"आणि नाही उरलं तर?"

"तर नाही."

मी अक्षरशः ओरडले, "सर, हे लिहा! हे आधी लिहा!"

"बघतो, मग लिहितो," ते म्हणाले आणि थेट पंगतीत जाऊन बसले. कुणी त्यांचं नाव विचारलं नाही. त्यांनी रसम दोनदा मागून घेतलं.

दोन वाजता शेवटचा माणूस उठला. अक्काने भांडं खरवडलं. शीतसुद्धा नव्हतं. तिने तसबिरीपुढे कोरं पान मांडलं, क्षणभर उभी राहिली, पान उचललं आणि वळली.

"आज तुमच्यामुळे देव उपाशी, सर."

ऑफिसरनी पेन काढलं.

त्या दुपारी ऑफिसात मी लेखी युक्तिवाद पुन्हा लिहायला घेतला. धर्माच्या व्याख्येची तीन पानं होती. ती काढली. तिथे कोऱ्या पानाची हकीकत लिहिली. इतक्या वेगाने मी आयुष्यात टाइप केलं नव्हतं. आमचे सीनियर वाचून म्हणाले, "व्याख्या कुठे गेली?"

"सर, मला येत नाही."

"बरं झालं. मलाही येत नाही."

महिन्याभराने ऑर्डर आली. छत्र दानधर्माचं आहे. देवाची तसबीर आहे, पण अन्न देवासाठी शिजत नाही. अक्काची नोकरी राहिली. ऑर्डरच्या शेवटी एक ओळ माझ्याबद्दलही होती: इन्स्पेक्शनपूर्वी वस्तू हलवण्याचं वकिलांचं वर्तन योग्य नव्हतं. ते मान्य आहे.

अप्पांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे देव जिंकला म्हण." मी म्हटलं, "नाही, अप्पा. तो शेवटी जेवायला तयार होता, म्हणून आपण जिंकलो." देवळात मी अजूनही जात नाही.

कामापुरतं एवढंच शिकले: इन्स्पेक्शनच्या आधी जागा आवरू नये. आपला सगळ्यात चांगला साक्षीदार आपणच गोणपाटाखाली ठेवलेला असतो.