वाऱ्यावरच्या अक्षता

वैशाखातलं लग्न, समुद्राकाठी, घरचीच माणसं. मी फोटो काढत होते. मंगलाष्टकं संपली, सगळ्यांनी अक्षता टाकल्या आणि खाऱ्या वाऱ्याने त्या उचलून थेट माझ्यावर आणल्या. मी झटकू लागले, तर नवरीची आत्या हसली, "राहू दे गं, तुझ्याही वाट्याच्या असतील."

माझं लग्न कोर्टात, सही करून झालेलं. अक्षता टाकायला कुणी आलंच नव्हतं. आशीर्वाद मात्र असेही येतात, कुणाच्या तरी ओंजळीतून निघून, वारा नेईल तिकडे.

संध्याकाळी घरी वेणी सोडली, तर थोडे तांदूळ निघाले. नवरा चहा गाळत होता. मी ते त्याच्या डोक्यावर टाकले.

"हे काय?"

"आपल्या अक्षता. जरा उशिरा पोचल्या."